भाऊसाहेबांचे पाच लंगर

माझ्या दवाखान्याच्या जुन्या रजिस्टरात एक नोंद आहे. ‘बैल, वय सहा वर्षे, खांद्याला सूज. कारण : जहाजाचा लंगर.’ तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “सर, मालकानं सांगितलं तेच लिहिलंय.” त्यांनी पान उलटलं. बीड जिल्ह्यात बरीच वर्षं नोकरी केलेला माणूस एका मर्यादेनंतर प्रश्न विचारत नाही.

बैलाचे मालक म्हणजे भाऊसाहेब, निवृत्त तलाठी. मी युसूफ वडगावला पशुधन पर्यवेक्षक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. त्यांच्या गोठ्यात जाऊन बैलाच्या खांद्याला मलम लावलं आणि आठ दिवस त्याला जुंपू नका म्हणून सांगितलं.

“आठ दिवस?” भाऊसाहेब म्हणाले. “मग तीन नंबरच्या चाचणीचं कसं करावं?”

मी विचारलं, कसली चाचणी? त्यांनी मला गोठ्यामागं नेलं. तिथं धुणं वाळत घालायच्या दोन तारा होत्या. एकीवर काकूंचं लुगडं आणि भाऊसाहेबांची बंडी होती. दुसरीवर पाच लंगर लटकत होते. प्रत्येकावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकलेला. पलीकडे कडब्याच्या गंजीला टेकून, ताडपत्रीखाली एक शिडाची होडी होती आणि तिच्यात एक कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. कोंबडी उठेपर्यंत होडी हलवायची नाही असा घरात ठराव झाला होता.

भाऊसाहेबांकडे होड्यांचं एक पुस्तक होतं, त्यात याला नांगर म्हणतात. पण आमच्याकडे नांगर म्हटलं की लोक रानाकडे बघतात, म्हणून भाऊसाहेब लंगर म्हणायचे. होडी त्यांना बंद पडलेल्या एका कॉलेजाकडून मिळाली होती. त्या कॉलेजानं कोण्या उत्साहाच्या भरात मुलांना जलक्रीडा शिकवायचं ठरवलं होतं. भाऊसाहेबांनी आपलं जुनं मळणीयंत्र देऊन होडी आणली. कॉलेजानं मळणीयंत्राचं काय केलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

बैलाची सूज उतरायला दहा दिवस लागले. तेवढ्या येण्याजाण्यात काकूंनी मला माळवदावरची खोली भाड्यानं देऊन टाकली. त्या खोलीत मी चार वर्षं राहिले. खिडकीतून पाचही लंगर दिसायचे.

भाऊसाहेबांचा एक प्रश्न होता, तो ते कशालाही विचारत. “तळ कसला हाय?”

त्यांचं म्हणणं असं की लंगर चांगला किंवा वाईट नसतोच. चिखलाचा तळ असेल तर रुंद पात्यांचा लंगर हवा, तो चिखलात रुतून बसतो. दगडगोट्यांचा असेल तर पात्यांचा काही उपयोग नाही, तो नुसता खरवडत जातो. तिथं आकडे हवेत, तसला मात्र त्यांनी अजून बनवून घेतला नव्हता. तळाशी गवत असेल तर फाळासारखा टोकदार, जो गवत चिरून खाली जाईल. छत्रीच्या आकाराचाही एक असतो, पण तो वर्षानुवर्षं एकाच जागी राहणाऱ्यांसाठी. “त्यो सरकारी नोकरासारखा हाय,” ते म्हणायचे. “रुतला की निघत न्हाई, पर रुताया लई टाइम घेतो.” आणि चौथ्या नंबरचा, जो सगळ्या चित्रांत असतो, दोन्हीकडे वाकलेल्या दांड्याचा, तो खलाशाच्या टोपीवर शोभायला ठीक, असं त्यांचं मत. वेल्डिंगवाल्या मिस्त्रींनी तो सगळ्यात प्रेमानं बनवला होता, म्हणून तारेवर ठेवला होता इतकंच.

दुसरा नियम दोराचा. जितकी खोली, त्याच्या पाचपट दोर सोडायचा, म्हणजे लंगर आडवा ओढला जातो आणि धरतो. दोर आखडला की लंगर उचकटतो. हा नियम ते माणसांनाही लावत. शेजारच्या घरात सासूसुनेचं वाजलं की ओट्यावरून म्हणत, “दोर आखडलाय.”

मला पुण्याचं एक स्थळ आलं तेव्हा मी उत्साहानं सांगायला गेले. इंजिनिअर आहे, फ्लॅट आहे, एकुलता एक आहे.

“ह्ये सगळं वरचं झालं,” भाऊसाहेब म्हणाले. “तळ कसला हाय?”

“ते मला कसं कळणार?”

“मंग कावून लंगर टाकताव?”

मी त्या मुलाला नकार दिला. तळ कळला म्हणून नव्हे, मुलाकडच्यांनी मला नोकरी सोडायला सांगितली म्हणून. पण भाऊसाहेबांनी त्याचं श्रेय घेतलं आणि मला ते काढून घेता आलं नाही.

आता काकूंबद्दल सांगते, कारण हे पाचही लंगर काकूंसाठी होते.

काकूंचं माहेर मांजरा धरणात गेलं. गाव उठलं त्या वर्षी त्या पहिलटकरीण होत्या आणि दिवस अवघड होते. शेवटच्या भेटीला गेल्या तेव्हा नदीकाठच्या देवीच्या पायरीशी बोलून आल्या, की लेकरू धड हाताला आलं तर इथंच येऊन तुझी ओटी भरीन. लेक धड जन्मली. पण बाळंतपण उरकून काकू उठेपर्यंत पाणी पायरीवर चढलं होतं. देवीला नव्या गावठाणात आणून बसवलं होतं, तिथं सिमेंटचं देऊळ झालं, मंडप झाला, माईक झाला. सगळ्यांनी सांगितलं, ओटी तिथं भर.

“देवी हालीवली,” काकू म्हणाल्या. “जागा कुनी हालीवली? मी जागंवर बोललेय.”

मध्ये एका कोरड्या वर्षी धरण तळापर्यंत आटलं. गाव उठल्यापासून देवळाचा चौथरा पहिल्यांदाच उघडा पडला. लोक पायी जाऊन पाया पडून आले. काकू तेव्हा तीन महिने पुण्याला होत्या, त्याच लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. परत आल्या तेव्हा वर कुठंतरी पाऊस झाला होता आणि चौथरा पुन्हा बुडाला होता. काकू रडल्या नाहीत, पण आठ दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी भाऊसाहेब म्हणाले, “पानी असलं तरी मी नेतो तुला.” होडीची सुरुवात तिथून झाली.

बरं, नुसतं न्यायचं नव्हतं. नारळ पाण्यावर तरंगतो, खण वाहून जातो. ओटी वरून टाकली तर देवीला पोचण्याऐवजी धरणाच्या भिंतीला जाऊन लागणार. भाऊसाहेबांनी त्यावर उपाय शोधला होता. लंगर बरोबर चौथऱ्याजवळ टाकायचा, दोराला लोखंडी कडी अडकवायची, कडीला वजन बांधून ओटीचं गाठोडं, आणि ती कडी दोरावरून खाली सोडायची. दोराचं खालचं टोक जिथं, तिथं ओटी. म्हणजे लंगर धरला पाहिजे आणि तिथंच धरला पाहिजे. होडी सरकली की ओटी दुसऱ्याच्या रानात.

हा विचार मला आजही बिनतोड वाटतो. अडचण एवढीच होती की विचार करणारे भाऊसाहेब होते.

त्यांनी पस्तीस वर्षं सातबारा सांभाळला होता. बुडालेल्या गावाचे गट नंबर त्यांना तोंडपाठ होते. कुठला गट काळ्या कसदार मातीचा, कुठला बरड, कुठं विहीर, कुठं बांध. धरण आटलं त्या वर्षी काकू पुण्याला असताना ते एकटे तळावर उतरले होते आणि चौथऱ्याभोवतीच्या सगळ्या जमिनीचा पंचनामा केला होता. खराखुरा पंचनामा, पाच पंचांच्या सह्यांसह. जगात लोक लंगर टाकून तळाचा अंदाज घेतात. आमच्याकडे तळावर चालत जाऊन, पायानं ढेकूळ फोडून, सही घेता येते. चौथऱ्याच्या पूर्वेला कमरेएवढी काळी माती, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. काळी माती भिजली म्हणजे चिखल. चिखलाला पात्यांचा लंगर. म्हणजे नंबर दोन.

एवढं ठरलेलं असताना लंगर पाच का झाले, हे विचारलं तर ते म्हणत, “निर्नय घाईचा नसावा.”

लंगर बनवायचे वेल्डिंगवाले मिस्त्री. त्यांचं दुकान बाजाराच्या रस्त्याला होतं, खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॉल्या हे मुख्य काम. भाऊसाहेब कागदावर चित्र काढून न्यायचे आणि मिस्त्री ते उलटं-सुलटं धरून पाहायचे.

“भाऊसाब, ह्ये चालंल कुठं?”

“पान्याखाली.”

“मंग वेल्डिंग कशी दिसती त्याचं टेन्शन न्हाई,” मिस्त्री म्हणायचे. तरी घासूनपुसून, पॉलिश करून द्यायचे. कडी बनवायला सांगितली आणि ती कशासाठी ते कळलं, तेव्हा त्यांनी ती तीनदा घासली. “देवीचं काम हाय. दोराला अडकाया नको,” म्हणाले.

प्रत्येक नवा लंगर धरणाच्या काठी ओल्या गाळात टाकून बैलानं ओढायचा, किती हात सरकतो ते मोजायचं आणि नोंद करायची. नोंदवहीत सातबाऱ्यासारखेच रकाने होते. शेवटचा रकाना ‘शेरा’. नंबर एकपुढं शेरा होता, ‘धरत नाही’. नंबर तीनपुढं होता, ‘धरतो, परंतु बैल आजारी’.

काकूंना या सगळ्यात एकच गोष्ट बघवत नव्हती, ती म्हणजे धुण्याच्या तारेवरची अडचण. बाकी त्या आपल्या कामात असत. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीला एक गळ टांगलेला असे. आडात बादली पडली की काढायचा, चार आकड्यांचा, झिजून काळा झालेला. माहेरचं गाव उठलं तेव्हा लोकांनी दारं, तुळया, उंबरे सोबत नेले. काकूंच्या वडिलांनी देवळाच्या आडावरचा गळ लेकीला दिला, कारण आता त्या आडात बादली पडणार नव्हती. आमच्या आळीत गळ तेवढा एकच. कुणाची बादली पडली की बायका काकूंकडे यायच्या. काकूंचा शिरस्ता असा की गळ त्याच दिवशी परत आला पाहिजे, आणि दुसरी कुणी मागायला आली तर त्या खुंटीकडे न बघता सांगायच्या, “खालच्या घरी दिलाय, चारला येईल.” स्वतः बादली काढायला बसल्या की आडात डोकावायच्याही नाहीत. दोर दोन बोटांत धरून हलवायच्या आणि म्हणायच्या, “लागला.” मी कितीदा पाहिलं असेल. भाऊसाहेब तर चाळीस वर्षं पाहत होते.

माझ्या तिसऱ्या वर्षी फाल्गुनात काकू उंबऱ्यातच खाली बसल्या आणि त्यांना उठता येईना. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन लवकर करा. काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि गाडीत बसल्यावर म्हणाल्या, “आधी ओटी, मंग लातूर. फेडल्याबिगर मी टेबलावर निजायची न्हाई.”

आम्ही समजावलं, लेक पुण्याहून येऊन रडून गेली. काकू हलल्या नाहीत. त्यांचं आपलं एकच, जागेवर बोललेय. म्हणजे सगळी भिस्त आता भाऊसाहेबांवर. आणि भाऊसाहेबांनी काय केलं? मिस्त्रींकडे सहाव्या लंगराचं चित्र नेलं.

मला राग आला तो साधासुधा नव्हता. मी दवाखान्यातून आले ती सरळ गोठ्यामागं गेले. ते दोन नंबरला तेल लावत बसले होते. मी म्हटलं, “भाऊसाहेब, बाई पायऱ्या चढताना तीनदा थांबते. तुमचं काय चाललंय? दगड बांधून टाका, पण चला!”

“दगूड धरत न्हाई,” ते म्हणाले.

“दोन नंबर धरतो ना? तुमच्याच वहीत लिहिलंय!”

त्यांनी तेलाचा हात बंडीला पुसला. ही बंडी काकूंनी त्याच सकाळी धुतली होती. मग लंगराकडेच बघत म्हणाले, “मॅडम, ती चाळीस साल ह्या एका ओटीसाठी थांबलीय. ओटी भरली की ती मोकळी झाली. मंग टेबलावर निजल्यावर तिला धरून ठेवाया काय ऱ्हातंय?”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी इतके दिवस त्यांना विक्षिप्त समजत होते आणि ते नुसते घाबरलेले होते. मी शेजारच्या पालथ्या पाटीवर बसले. त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. म्हटलं, “भाऊसाहेब, काकूंचा तळ कसला आहे?”

“लई घट्ट,” ते म्हणाले, आणि सहाव्या लंगराचा कागद चार घड्या करून खिशात घातला.

तरी धरणात होडी चालेल एवढं पाणी भरायला पावसाळा जावा लागला. त्या सहा महिन्यांत काकूंनी गोळ्यांवर दिवस काढले आणि आम्ही त्यांच्या श्वासावर कान ठेवून. नवरात्रातल्या मंगळवारी आम्ही होडी ट्रॅक्टरवर घालून पाण्याला नेली. काकूंना चार बायांनी धरून आत बसवलं, आम्हा तिघांच्या अंगात ट्रकच्या ट्यूबा, काकूंच्या मांडीवर ओटी. भाऊसाहेब शीड चालवायला त्याच पुस्तकातून शिकले होते, त्यामुळे आम्ही चौथऱ्याकडे नागमोडी, बरीच वळणं घेत गेलो. एका बाजूला नव्या गावठाणाची पाण्याची टाकी आणि तिच्यामागचं लिंबाचं झाड एका रेषेत आलं, दुसऱ्या बाजूला पंपघर आणि डोंगराची सोंड. भाऊसाहेब म्हणाले, “हीच जागा. पूर्वेला गट नंबर त्र्याऐंशी. काळी.” आणि त्यांनी दोन नंबर सोडला. खोली तीस फूट, दोर दीडशे फूट. सगळं पुस्तकाप्रमाणं.

होडी सरकत राहिली. दोर ताणला जायचा, थरथरायचा, खालून खर्र असं दोराला जाणवायचं आणि पुन्हा होडी सरकायची. टाकी आणि लिंब एकमेकांपासून दूर गेले. भाऊसाहेबांनी लंगर ओढून घेतला, पुन्हा टाकला. चार वेळा. चौथ्या वेळी वर आला तेव्हा पात्यांवर मातीचा कण नव्हता, नुसते मुरमाचे ओरखडे होते.

“रेकॉर्डला काळी हाय,” भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

काकूंनी ओटी पदराखाली घेतली. “माघारी चला,” एवढंच म्हणाल्या. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. मी नाडी धरली. गुरांची धरायची सवय असली तरी ती नाडी चांगली नव्हती हे मला कळलं.

काठावर एक मेंढपाळ आजोबा आमची ये-जा पाहत उभे होते. भाऊसाहेबांनी त्यांना खरवडलेलं पातं दाखवलं आणि विचारलं, पूर्वेच्या गटातली काळी माती कुठं गेली?

आजोबांनी आधी पात्याकडे, मग भाऊसाहेबांकडे पाहिलं. “आवो, धरन आटलतं तवा गाळ न्हाई का काढला सगळ्यांनी? टॅक्टरची लाईन लागलती. खाली नुसता मुरूम ऱ्हायला.” मग म्हणाले, “तुमी बी नेलता की. चौदा टाल्या.”

हे खरं होतं. पंचनामा चैत्रात झाला, गाळ वैशाखात उचलला. आळीतल्या सगळ्यांबरोबर भाऊसाहेबांनीही आपल्या रानात गाळ टाकला होता आणि त्यावर तीन वर्षं सोयाबीन चांगलं आलं होतं. ज्या मातीसाठी त्यांनी लंगर निवडला ती माती त्यांनी स्वतःच ट्रॉलीत भरून घरी आणली होती. पंचनामा झाल्यावर जमीन बदलत नाही, अशी त्यांची पस्तीस वर्षांच्या नोकरीची श्रद्धा होती.

ते तसेच काठावर बसले. मला वाटलं आता हे नोंदवही काढतील, पण ती त्यांनी होडीतच ठेवली होती आणि ती भिजत होती. रात्री ते जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर काकू खुंटीवरचा गळ उतरवत होत्या. मला वाटलं कुणाची बादली पडली.

“मुरूम हाय आन् चौथऱ्याचं दगूड हाय,” त्या भाऊसाहेबांना सांगत होत्या. “आडाचा तळ दुसरा कसा असतोय?”

भाऊसाहेब गळाकडे बघत राहिले. चार आकडे. दगडगोट्यांच्या तळाला आकडे हवेत, हे त्यांनी मला निदान पन्नासदा सांगितलं होतं. सहाव्या लंगराचं चित्र त्यांनी खिशातून काढून उलगडलं. हुबेहूब तेच होतं, फक्त दांडा जरा लांब. मग त्यांनी रिकाम्या खुंटीकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्या गळाखालूनच ते जेवायला आत जात होते.

शुक्रवारी आम्ही पुन्हा गेलो. टाकी आणि लिंब एका रेषेत आले. भाऊसाहेबांनी गळ हातात घेतला, तर काकूंनी तो त्यांच्याकडून काढून घेतला. “तुमी होडी बघा,” म्हणाल्या. त्यांनी गळ फेकला नाही, हलकेच सोडला. दोर बोटांतून जाऊ दिला. खाली टेकल्यावर दोन बोटांत धरून जरा इकडं, जरा तिकडं हलवला, डोळे मिटून. भाऊसाहेब शिडाची दोरी सोडायची विसरले होते.

“लागला,” काकू म्हणाल्या.

होडी थांबली. वारा होता, लाटा होत्या, आणि होडी थांबली. भाऊसाहेब पुटपुटले, “दोर पाचपट सोडाया पायजे.”

“आडाला कोन पाचपट दोर लावतंय?” काकू म्हणाल्या आणि उलट दोर आखडत आणला, होडी बरोबर वर येईस्तोवर. दोर सरळ खाली गेला. मग त्यांनी निवांत ओटी भरली. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. हळदकुंकू पाण्याला लावलं. तोंडातल्या तोंडात काय बोलल्या ते मी ऐकलं नाही आणि ऐकूही नये. गाठोडं कडीला बांधलं. कडी दोरावरून सरसर खाली गेली, कुठंही अडकली नाही. काही वेळानं दोराला एक बारीक ठोका आला.

काकूंनी तो दोर गालाला लावला आणि तेव्हा मात्र रडल्या. चाळीस वर्षांचं एकदम. भाऊसाहेबांनी शीड धरून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांना डोळे पुसता येईनात. मी दोघांकडेही न बघता पंपघराकडे बघत बसले, आणि माझंही तेच झालं.

निघायच्या वेळी गळ निघेना. भाऊसाहेबांनी ओढला, मी ओढला. होडी पुढून खाली दबायला लागली.

“ऱ्हाऊ द्या,” काकू म्हणाल्या. “तिथलाच हाय त्यो.”

भाऊसाहेबांनी विळ्यानं दोर कापला. सोमवारी काकू लातूरला स्वतः चालत गाडीत बसल्या. ऑपरेशन चाललं तेवढा वेळ भाऊसाहेब दवाखान्याच्या बाकावर दोराचं कापलेलं टोक हातात घेऊन बसले होते. कुणीतरी विचारलं, हे काय? ते म्हणाले, “वरचं टोक.” पुढं कुणी विचारलं नाही.

काकू तीन आठवड्यांनी घरी आल्या. वाकायचं नाही, उचलायचं नाही, नुसतं बसायचं. त्या ओट्यावर बसू लागल्या आणि बसल्या जागेवरून अख्खं घर पूर्वीपेक्षा जास्त चालवू लागल्या. आता मी आष्टीला आहे, पण बदलीच्या आधीची एक सकाळ मी तिथं होते. खालच्या घरची सून धावत आली, बादली पडली म्हणून. भाऊसाहेब लगबगीनं गोठ्यामागं गेले आणि चार नंबरचा, टोपीवरचा लंगर घेऊन आले. “ह्यो घ्या. पर आधी सांगा, तुमच्या आडाचा तळ कसला हाय?”

तिनं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. दारातल्या रिकाम्या खुंटीकडे बघून म्हणाली, “काकू, गळ कुनाला दिलाव?”

“माहेरी दिलाय,” काकू म्हणाल्या.

“मंग कवा आनताव?”

“धरन आटल्यावर.”